कॉम्बो पाठ आहेत, तरी मार थांबत नाही

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३१, खासगी कंपनीत नोकरी. धाकटा भाऊ पुण्यात कामाला. दर शनिवारी रात्री दोघं ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ हा फायटिंग गेम ऑनलाइन खेळतात. भाऊ जुना खेळाडू आहे, यांनी गेम यंदाच घेतला. हे काइ किस्के हे पात्र घेतात, भाऊ मे नावाचं पात्र घेतो. व्हिडिओ बघून यांनी मोठाले कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेले फटके, पाठ केले, ट्रेनिंग मोडमध्ये ते जमतातही. पण भावाच्या मेने डॉल्फिनवर बसून दोन धडका दिल्या की सगळं विसरायला होतं. अधूनमधून चित्र उडी मारतं, दाबलेलं बटण लागत नाही. भाऊ म्हणतो, “दादा, तू उड्याच जास्त मारते.” गेले दोन शनिवार यांनी कामाचं कारण सांगून खेळणं टाळलं. त्यांचे प्रश्न असे: एकच मूव्ह पुन्हापुन्हा मारणं याला खेळणं म्हणायचं का? एकतिशीत हात मंदावतात का? दोष नेटचा की लॅपटॉपचा? वीस हजारांची आर्केड स्टिक (जॉयस्टिकवाला कंट्रोलर) घेऊ की गेमच सोडून देऊ?

तुमच्या पत्रात कॉम्बोंवर दीड पान आहे आणि ब्लॉकवर, म्हणजे फटका अडवण्यावर, एक ओळही नाही. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ मला तिथेच दिसतं, म्हणून स्टिक आणि नेट थोडं बाजूला ठेवू.

कॉम्बो म्हणजे पहिला फटका लागल्यानंतरचा भाग. तुमच्या सामन्यांत पहिला फटका लागतोय तो भावाचा. मग तुमचा पाठ केलेला कॉम्बो सुरू तरी कुठून होणार? ट्रेनिंग मोडमधलं पात्र गुपचूप उभं राहून मार खातं. ते मागे सरकत नाही, अडवत नाही, अंगावर येत नाही. त्याच्यावर कॉम्बो जमला म्हणजे बोटांची तयारी झाली, आणि ती वाया जाणार नाही. पण सामना त्याच्या आधीच ठरतो. कोण किती अंतरावर उभा आहे, कोणाचं बटण आधी पोचतं, आणि फटका अडवला गेल्यावर पुढची पाळी कोणाची, यावर सगळं असतं.

ही पाळीची गोष्ट नीट समजून घ्या. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक फटका सुरू व्हायला काही फ्रेम लागतात आणि मारून झाल्यावर सावरायलाही काही फ्रेम जातात. तुम्ही फटका अडवला की क्षणभर दोघंही जखडलेले असता. जो आधी मोकळा होतो, त्याची पाळी. खेळाडू ‘प्लस’ आणि ‘मायनस’ म्हणतात ते हेच. नवा खेळाडू मार अडवतो आणि लगेच घाबरून बटण दाबतो. पाळी समोरच्याची असेल तर तो पुन्हा मार खातो आणि त्याला वाटतं, आपले हात हळू आहेत.

तुमच्या काइकडेच बघा. स्टन डिपर ही त्याची जमिनीलगत घसरत जाऊन मारायची मूव्ह. लागली तर छान. अडवली गेली तर काइ समोरच्याच्या पुढ्यात उघडा पडतो आणि सावरायला त्याला भरपूर वेळ लागतो. नवे काइ खेळाडू प्रत्येक हल्ल्याच्या शेवटी सवयीने हीच मूव्ह मारतात, तुमचंही तसंच होत असावं असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी एवढंच करा. आधीचे फटके लागलेत असं डोळ्यांना दिसलं तरच डिपर. ते अडवले गेलेत असं दिसलं तर स्टन एज, म्हणजे विजेचा गोळा, सोडून अंतर राखा, नाहीतर सरळ थांबा. याला हिट कन्फर्म म्हणतात, आणि बारा फटक्यांच्या कॉम्बोपेक्षा याची किंमत मला जास्त वाटते.

कॉम्बोही दोनच ठेवा. पहिला असा: जवळून स्लॅश, मग पुन्हा स्लॅश, मग हेवी स्लॅश (ही हल्ल्याची बटणं) आणि शेवटी एक स्पेशल, म्हणजे डिपरसारखी खास मूव्ह. दुसरा खालून मारायचा: २के, २डी. हे आकडे नव्या वाचकांना कोड्यासारखे वाटतात, म्हणून सांगते. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचं उजवीकडचं नंबरपॅड डोळ्यांपुढे आणा. मधला ५ म्हणजे काहीच दिशा न दाबणं, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, ८ वर. २३६ म्हणजे खालून पुढे पाव वर्तुळ. मोबाइलचा कीपॅड धरू नका, त्यात १-२-३ वरच्या ओळीत असतात आणि सगळंच उलटं होतं. हे आकडे तुमचं पात्र डावीकडे उभं आहे असं धरून लिहिलेले असतात. के म्हणजे किक आणि डी म्हणजे डस्ट, हीही हल्ल्याचीच बटणं. तेव्हा २के, २डी म्हणजे खाली दाबून किक आणि खाली दाबूनच डस्ट.

आता डॉल्फिन. यावर थोडं थांबते, कारण तुमचा सगळा राग तिथे साचलेला आहे.

आडवा डॉल्फिन मारायला मेला मागची दिशा क्षणभर दाबून धरावी लागते, मग पुढे आणि स्लॅश किंवा हेवी स्लॅश. म्हणजे तुमच्याकडे चालत येणारी मे त्या क्षणी डॉल्फिन मारू शकत नाही. ती मागे सरकली किंवा खाली बसून राहिली की भावाचा डॉल्फिन भरतोय, म्हणजे तो मागची दिशा धरून तयारीत आहे, असं समजा. फटके मारता मारता मागची दिशा धरून तो भरता येतो, तेवढी सावधगिरी ठेवा. पण निम्मी भीती इथेच जाते, कारण तुमच्यासाठी तो आता अचानक येत नाही.

उभं राहून किंवा बसून, तो कसाही अडवता येतो. खरा प्रश्न अडवल्यानंतरचा आहे. त्यासाठी ट्रेनिंग मोडमध्ये समोर मे घ्या आणि तिच्या हालचाली रेकॉर्ड करा. आधी स्लॅशचा डॉल्फिन आणि लगेच तिचा पंच. मग ते चालवा, डॉल्फिन अडवा आणि त्याच क्षणी तुमचा पंच दाबा. कोणाचा लागतो ते बघा. मग हेच हेवी स्लॅशच्या डॉल्फिनने करा. दोन्हींत फरक आहे. हलका, म्हणजे स्लॅशचा, अडवला की साधारणपणे पाळी तुमच्याकडे येते, जड, म्हणजे हेवी स्लॅशचा, अडवल्यावर तसं गृहीत धरू नका. पॅच, म्हणजे गेमचं अपडेट, आला की फ्रेमचे आकडे हलतात, म्हणून मी आकडा लिहून देण्यापेक्षा तुम्ही स्वतः बघितलेलं चांगलं. त्याच वेळी भावाच्या टेन्शन गेजवरही, म्हणजे खेळताना भरत जाणाऱ्या पट्टीवरही, नजर ठेवा. गेज अर्ध्यावर किंवा त्याच्या वर असेल तर तो रोमन कॅन्सल करून, म्हणजे गेज खर्चून चालू मूव्ह मध्येच तोडून, अडवलेला डॉल्फिनही आपल्या बाजूने वळवू शकतो. गेज रिकामा असेल तर ती सोय त्याच्याकडे नाही.

दुसरं उत्तर ६पी, म्हणजे पुढची दिशा आणि पंच. बहुतेक पात्रांच्या या फटक्यात सुरुवातीला वरच्या अंगाला मार लागत नाही. वरून उडी मारून येणाऱ्याला तो पाडतो, आणि वेळ साधली तर समोरून येणाऱ्या डॉल्फिनलाही. रेकॉर्ड केलेल्या मेवरच त्याची वेळ बसवून घ्या.

एकच मूव्ह पुन्हापुन्हा मारणं याला खेळणं म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंत. होय, म्हणायचं. तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे का, हे भाऊ तपासतोय. उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलायचं त्याला कारण नाही. तुम्ही तीनदा नीट अडवून परत मारलंत की चौथ्यांदा तो दुसरं काहीतरी काढेल, आणि तिथून तुमचा दोघांचा खरा खेळ सुरू होईल. समोरच्याच्या मूव्हला फालतू म्हटलं की आपण तिचा अभ्यास करायचं थांबवतो. तो तुमच्याशी अन्याय करतोय असं मला तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

उलट, त्याने तुम्हाला सांगितलेलं एक वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय: तू उड्याच जास्त मारते. संपूर्ण पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते हेच वाक्य. या प्रकारच्या खेळांत दुहेरी उडी आहे, हवेत डॅश, म्हणजे झपकन सरकणं, आहे, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की जमिनीवर धोका आणि हवेत सुटका. पण उडी घेतली की तुम्ही कुठे उतरणार हे समोरच्याला बरंचसं आधी दिसतं, आणि जुना खेळाडू तिथे ६पी घेऊन उभाच असतो. एक अख्खा शनिवार पुढे उडी मारायचीच नाही असं ठरवा. चालत जा, थांबा, मागे सरका. फार मागेमागेही राहू नका, हा खेळ पळणाऱ्याला निगेटिव्ह पेनल्टी लावतो आणि टेन्शन काढून घेतो.

बचावात आणखी काय काय आहे? खूप आहे, आणि ते एकदम शिकू नये. सुरुवातीला मागे-खाली दाबून बसून अडवा, कारण पायातले फटके बसूनच अडवता येतात. उडीतून मारलेले फटके आणि उभ्याने मारलेला डस्ट उभं राहून अडवावे लागतात. नुसतं बसून राहिलात तर भाऊ येऊन पकडेल. साधी पकड तुम्ही त्याच वेळी पकडीचं बटण दाबून सोडवू शकता. मेकडे ओव्हरहेड किस नावाची एक पकड आहे, ती अशी सुटत नाही. तिथे उडी, मागचा डॅश किंवा आधी मारणं हेच उपाय. म्हणजे उड्या बंद करा म्हटलं तरी एक उडी शिल्लक राहतेच, फक्त ती कशासाठी मारतोय हे तुम्हाला माहीत असायला हवं.

दोन गोष्टी मात्र आजच बोटांत बसवा. पहिली बर्स्ट: डस्ट आणि दुसरं कोणतंही हल्ल्याचं बटण एकत्र. मार खात असतानाही ती चालते आणि समोरच्याला उडवून देते. एकदा वापरली की परत भरायला बराच वेळ लागतो, म्हणून दोन फटक्यांसाठी ती उधळू नका, मोठा कॉम्बो सुरू झालाय असं दिसलं की वापरा. दुसरी पिवळी रोमन कॅन्सल: अडवत असताना पंच, किक, स्लॅश, हेवी स्लॅश यांपैकी कोणतीही तीन बटणं एकदम. अर्धा गेज जातो, पण कोपऱ्यात दाबून धरलेल्याला श्वास मिळतो. नवे खेळाडू भरलेला गेज तसाच ठेवून हरतात. तुमचे जुने सामने रिप्लेमध्ये बघा आणि हरतेवेळी तुमचा गेज आणि बर्स्ट किती शिल्लक होते, फक्त तेवढंच बघा.

वयाबद्दल. डोळ्यांना दिसलेल्या साध्या खुणेला बोटाने उत्तर द्यायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. बटण धरून न ठेवता मारलेला उभ्याचा डस्ट सुरू व्हायला २० फ्रेम लागतात, म्हणजे सुमारे ३३३ मिलिसेकंद. तो येईल अशी वाट बघत असाल तर तुम्ही तो अडवू शकता. मन दुसरीकडे असेल तर विशीतलाही अडवणार नाही. एकतिशीत फरक पडतो तो कशाची वाट बघायची हे ठाऊक असण्याने. जपानचा दाइगो उमेहारा १९८१ चा, तो चाळिशी ओलांडूनही व्यावसायिक पातळीवर स्ट्रीट फायटर खेळतो. तुमच्या हातांना काही झालेलं नाही.

आता नेट आणि लॅपटॉप. इथे तुमची तक्रार खरी असू शकते. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलाय, कंट्रोलर ब्लूटूथवर आहे आणि राउटर दुसऱ्या खोलीत. आधी एक साधी चाचणी करा. नेट बंद करून ट्रेनिंग मोडमध्ये खेळा. तिथेही बटण उशिरा लागत असेल तर नेटचा संबंध नाही. तिथे सगळं ठीक आणि फक्त भावाशी खेळताना चित्र उडतंय, तर नेट बघा.

ऑफलाइन उशीर होत असेल तर पहिला संशय टीव्हीवर. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. त्याच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो सुरू करा. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा. तरीही खेळ जड वाटला तर लॅपटॉपची उष्णता बघा, आणि नागपूरकरांना हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीच तापलेली असते तेव्हा लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मग ६० फ्रेम टिकत नाहीत, खेळ संथ होतो, आणि ऑनलाइन असाल तर समोरच्यालाही त्रास होतो. लॅपटॉप गादीवर किंवा सोफ्यावर ठेवू नका, खालून हवा लागेल असा उंच ठेवा. कूलरच्या थेट झोतात तर बिलकूल नको. ती हवा थंड असली तरी ओलसर असते आणि कधीकधी बारीक तुषारही उडतात. रेझोल्यूशन आणि ग्राफिक्स एक पायरी उतरवा. दिसायला थोडं कमी दिसेल, पण फ्रेम टिकतील, आणि या खेळात तेच हवं.

नेटबद्दल तुम्ही धरून चाललात की नागपूर-पुणे अंतर लांब आहे म्हणून असं होतं. रस्त्याने सातशेएक किलोमीटर असलं तरी नेटला ते फार नाही. स्ट्राइव्हमध्ये २०२१ मध्ये आल्यापासूनच रोलबॅक नेटकोड, म्हणजे दोन्हीकडचा खेळ नेटवरून जुळवून ठेवण्याची एक पद्धत, आहे. जुन्या पद्धतीत खेळ समोरच्याचं बटण पोचेपर्यंत थांबून राहायचा. रोलबॅक थांबत नाही. समोरचा आत्ता जे करतोय तेच पुढे करील असं धरून तो चित्र पुढे नेतो, आणि खरं बटण पोचल्यावर अंदाज चुकला असेल तर मागे जाऊन दुरुस्त करतो. तुम्हाला दिसणारी चित्राची उडी ती हीच दुरुस्ती. थोडा पण स्थिर उशीर रोलबॅक सहज पचवतो. त्रास होतो तो उशीर सतत कमीजास्त झाल्याने किंवा मधली माहिती हरवल्याने, आणि घरात असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे भिंतीपलीकडचं वायफाय. सीताबर्डीत कुठल्याही कॉम्प्युटर अॅक्सेसरीजच्या दुकानात लांब लॅन केबल काहीशे रुपयांत मिळते. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत ती ओढा, दारापाशी खिळे मारून कडेने न्या, म्हणजे आई अडखळणार नाही. भावालाही तिकडे तेच करायला सांगा. एकट्याने वायर लावून अर्धंच काम होतं.

वीस हजारांची स्टिक आत्ता घेऊ नका. अमेरिकेचा सॉनिकफॉक्स २०१८ च्या इव्हो स्पर्धेत ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ जिंकला तो साध्या पॅडवर, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या नेहमीच्या कंट्रोलरवर. स्टिकवर हात बसायला पुन्हा काही आठवडे जातील आणि डॉल्फिनचा प्रश्न तिथेच राहील. तुमच्या पॅडवर रोमन कॅन्सलसाठी तीन बटणं एकदम दाबणं अवघड जात असेल, तर बटण सेटिंगमध्ये खांद्याकडच्या एका बटणाला ते लावून टाका. सहा महिन्यांनंतरही स्टिकचं आकर्षण राहिलं तर कोणाची तरी हातात घेऊन बघा आणि मगच पैसे घाला.

‘ब्लेझब्लू’, ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ किंवा असेच दुसरे खेळ घेऊन बसलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. बटणं आणि गेजची नावं वेगळी असतील, पाळीचा हिशेब तोच. अजून काहीच विकत घेतलं नसेल तर ‘ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सेस रायझिंग’ची मोफत आवृत्ती आहे, तिच्यावर हात बसवून बघा.

राहिला भाऊ. तुम्ही कामाचं कारण सांगितलंत आणि ते त्याला खरं वाटलं असेल असं तुम्ही धरलंय. मला तसं वाटत नाही. धाकट्या भावंडांना मोठ्यांचा रुसवा बरोबर कळतो. तो परक्या शहरात राहतो, आणि शनिवारची रात्र तुमच्याइतकीच त्याचीही असणार. त्याला आज मेसेज करा: “मी हरून वैतागलो होतो, म्हणून आलो नाही. या शनिवारी आधी वीस मिनिटं मला फक्त डॉल्फिन मार, मला अडवायला शिकायचंय.” थोरल्याने धाकट्याला शिकव म्हणणं तुम्हाला जड जाईल, हे मला कळतं. पण दोन वर्षं मे खेळणारा माणूस घरातच असताना तुम्ही अनोळखी व्हिडिओंकडून शिकताय, याचं त्याला नक्कीच वाईट वाटत असेल.

त्या वीस मिनिटांत हरजीत मोजू नका. तो हलका डॉल्फिन मारील, जड मारील, मध्येच पकडेल. तुम्ही अडवायचं आणि पाळी आली असं वाटलं की एकच बटण दाबायचं. तुमचं लागलं की त्याने सांगायचं, त्याचं लागलं की का लागलं तेही सांगायचं. मग सामने खेळा. आणि त्याला हेही विचारा की काइच्या कुठल्या गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो. तो जे सांगेल, ते पुढच्या आठवड्यात ट्रेनिंग मोडमध्ये बसवा.